थांबवलेल्या स्लॅबचं बिल

सेंट्रिंगच्या ठेकेदाराच्या चालू बिलात शेवटून तिसरी ओळ होती. 'लेबरच्या कारणाने स्लॅब थांबला, आरएमसी रिजेक्शन, 2 गाड्या.' पुढे वजा रक्कम, 71 हजारांच्या आसपास. त्या कागदावर तीन सह्या होत्या, आणि सही करणाऱ्या तिघांपैकी कुणालाही त्यात वावगं काही दिसलं नव्हतं. मला दिसलं होतं, मी तसं बोललेही होते, आणि ती रक्कम तरीही कापली गेली. आज मी त्या कंपनीत नाही. तिथली माणसं भेटली तर नीट बोलतो आम्ही. पण ती ओळ आठवली की अजून डोकं तापतं.

मी बांधकाम साईटवर सेफ्टी ऑफिसर आहे. सिव्हिलचा डिप्लोमा, मग तंत्रशिक्षण मंडळाचा औद्योगिक सुरक्षेचा कोर्स, मग एकामागून एक साईट. ही साईट पुण्याच्या पश्चिमेकडची. तीन टॉवर, खाली पार्किंग, त्यावर पोडियम. सेंट्रिंगची गँग नांदेड जिल्ह्यातल्या मुखेड तालुक्यातली, मुकादमही तिकडचाच. फिटर मालद्याचे, गवंडी बिहारचे. लेबर कॅम्प, मुकादमाची उचल, शनिवारची खर्ची, हे सगळं जसं सगळीकडे असतं तसंच.

रोज सकाळी काम सुरू होण्याआधी टूलबॉक्स टॉक व्हायचा. तिथे मी एक वाक्य न चुकता सांगायचे. काही गडबड वाटली तर काम थांबवा, कुणीही थांबवा, बिगाऱ्यानेसुद्धा, पुढचं मी बघते. गेटवरच्या बोर्डावर कंपनीनेही तेच रंगवून घेतलं होतं, खाली प्रोजेक्ट मॅनेजरच्या सहीसकट.

सप्टेंबर होता. पोडियमचा एक भाग भरायचा होता. त्यातला एक कोपरा बेसमेंटच्या भिंतीच्या बाहेर, भराव घालून दाबलेल्या जमिनीवर येत होता. त्या जमिनीवर फळ्या, फळ्यांवर प्लेटा, प्लेटांवर जॅक, जॅकांवर सगळा डोलारा. आधीचे काही दिवस पाऊस झोडपून गेला होता. कागदावर सगळं तपासलेलं होतं. मीही सकाळी खालून फिरून आले होते.

स्लॅब भरताना सेंट्रिंगची एक-दोन माणसं खाली ठेवतात, हे बाहेरच्यांना ठाऊक नसतं. वर पन्नास माणसं, पंप, व्हायब्रेटर, आरडाओरडा. आणि खाली अर्धवट अंधारात, जॅकांच्या गर्दीत, एकटा माणूस. प्लेट जमिनीत रुतते का, जॅक वाकतो का, प्लायच्या सांध्यातून पाणी गळतं का, हे बघायचं. काही झालंच तर सगळ्यात आधी जाणारा तोच. त्या दिवशी गँगमधला एक तरुण पोरगा खाली होता. त्याचं नाव मी लिहीत नाही, तो अजून याच धंद्यात आहे.

सकाळचे दहा वाजून गेले असतील. त्याने खाली 'कट्ट' असा आवाज ऐकला. मग दुसरा. टॉर्च मारून पाहिलं तर त्याला एक प्लेट खाली गेल्यासारखी वाटली. त्याने हाका मारल्या. पंपाच्या आवाजात कोण ऐकणार. तो शिडीने वर आला, थेट पंपवाल्यासमोर जाऊन उभा राहिला आणि दोन्ही हात वर करून ओरडला, "बंद कर, बंद कर! खाली जॅक दबायलाय!"

पंप बंद झाला. सगळ्यांना त्या भागावरून खाली उतरवलं. मी, साईट इंजिनिअर आणि सर्व्हेअर बाहेरच्या बाजूने गेलो. लेव्हल लावली, दोरी ताणली, त्या कोपऱ्यातला जॅक न् जॅक पाहिला. जादाचे जॅक लावून घेतले. यात दीड तास गेला. आणि निष्कर्ष असा निघाला की धोका नव्हता. लाकडी पॅकिंगवर वजन येताना ते दबतं, त्याचा तो आवाज. प्लेट जेमतेम तीन मिलिमीटर बसली होती, तेवढं चालतं.

म्हणजे तो चुकला होता. सगळं प्रकरण तिथेच आहे. तो बरोबर निघाला असता तर मला हे लिहावंच लागलं नसतं. त्याच्या गळ्यात हार पडला असता, फोटो निघाला असता, मुख्य कार्यालयातून पत्र आलं असतं. बरोबर निघालेल्या माणसाला शाबासकी देणं सोपं असतं, कारण तोवर त्याने सगळ्यांचा जीव वाचवलेला असतो. पण इशारा देणाऱ्याला इशारा देताना हे ठाऊक नसतं. त्याच्याकडे लेव्हल मशीन नव्हतं. त्याच्याकडे दोन आवाज होते, ओली जमीन होती आणि डोक्यावर टनावारी ओलं काँक्रीट होतं. त्या माहितीवर त्याने जे केलं ते शंभर टक्के योग्य होतं. मी सगळ्यांसमोर त्याच्या पाठीवर थाप मारली. म्हटलं, "अगदी बरोबर केलंस. पुन्हा आवाज आला तर पुन्हा थांबव."

पण गेटवर गाड्या उभ्या होत्या. रेडिमिक्स काँक्रीट, म्हणजे आरएमसी, गाडीत भरल्यापासून साधारण दोन तासांत ओतून व्हावं लागतं, भारतीय मानकात तसं लिहिलेलंच आहे. दोन गाड्यांची वेळ उलटली. गुणवत्तेच्या इंजिनिअरने त्या परत पाठवल्या, आणि त्याचं काही चुकलं नाही. बारा घनमीटर माल गेला, वर पंपाची लाईन धुवावी लागली. स्लॅब संध्याकाळी उशिरा का होईना, पूर्ण झाला.

पैशाचं पुढे काय झालं ते मी सविस्तर सांगणार आहे, कुणाला कंटाळा आला तरी. कारण माझ्या मते साईटवरचा विश्वास भाषणात बनत नाही आणि भाषणात मोडतही नाही. तो बिलिंगच्या खोलीत मोडतो.

रेडिमिक्सवाल्याने कंपनीला बिल लावलं. ठीक, त्याने माल दिला होता. कंपनीच्या बिलिंग इंजिनिअरसमोर प्रश्न आला, हा खर्च कोणत्या खात्यात टाकायचा. 'सुरक्षेसाठी थांबलेलं काम' असं खातंच नव्हतं. कोट्यवधींच्या त्या प्रकल्पात फुलांच्या कुंड्यांना खातं होतं, पाहुण्यांच्या जेवणाला होतं, याला नव्हतं. मग त्याने जे नेहमी करतात ते केलं. थांबवणारा माणूस ज्या ठेकेदाराचा, त्या ठेकेदाराला डेबिट. ठेकेदाराने ते पेटी कॉन्ट्रॅक्टरला लावलं. त्याच्याकडे चौरस फुटाचा भाव ठरलेला, त्याने मुकादमाच्या हिशेबात धरलं. मुकादमाच्या खाली कोण? गँग. चौदा जणांची. मुकादमाने ते एकट्या पोरावर टाकलं नाही, सगळ्यांवर सारखं वाटलं. माणशी पाच हजार. बिगाऱ्याची आठवड्याची मजुरी.

मी आधी मुकादमावरच भडकले होते. पण एकट्यावर न टाकता सगळ्यांवर वाटण्यात त्याला न्यायच दिसत होता. आणि प्रत्यक्षात त्याहून वाईट काही घडू शकलं नसतं. एकट्याचे पैसे कापले असते तर गँग त्याच्या बाजूने उभी राहिली असती. सगळ्यांचे कापल्यावर गँग त्याच्या विरोधात गेली. कुणाच्या बहिणीचं लग्न होतं, कुणाची उचल फिटत आली होती. शिव्या मॅनेजरला पडल्या नाहीत, त्या पोराला पडल्या.

मी प्रोजेक्ट मॅनेजरकडे गेले. त्यांचं म्हणणं, "मॅडम, आपण त्याला काहीही केलेलं नाही. उलट तुम्ही कौतुक केलंत, मीही केलं. ठेकेदार आत काय करतो तो त्याचा अंतर्गत मामला." ठेकेदाराकडे गेले. "तुमच्या साहेबांनी माझं बिल कापलं. मी घरून घालू का?" मुकादमाकडे गेले. तो हात जोडून म्हणाला, "मॅडम, माझ्याकडं कुठून येणार? मी बी त्यांच्यातलाच." यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. प्रत्येकाने आपल्याला मिळालेला कागद फक्त एक पायरी खाली सरकवला होता. मी मेल केले, आढावा बैठकीत विषय घेतला, डेबिट रद्द करावं असं लेखी दिलं. उत्तर आलं की एक रद्द केलं तर पायंडा पडेल. पायंडाच पाडायचा होता मला! बैठकीत मी हे शब्दशः बोलले. मग विषय 'पुढील बैठकीत' गेला आणि तिथेच राहिला.

पोराला कुणी काढून टाकलं नाही. त्याला फक्त चुलीवर जागा उरली नाही. कॅम्पमध्ये गँग एकत्र स्वयंपाक करते, पिठाचे पैसे एकत्र असतात. त्याला वेगळं करायला सांगितलं. दिवाळीआधीच तो निघून गेला. मला न भेटता.

आता यावर कुणी म्हणेल, कायदा आहे की. आहे. 1996 च्या बांधकाम कामगार कायद्याने 500 किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी सुरक्षा समिती सक्तीची केली होती. आमच्याकडे समिती होती, आणि तिच्यात कामगारांचे प्रतिनिधी म्हणून बसायचे ते मुकादम, ठेकेदाराने पाठवलेले. त्याच्या जागी 2020 ची कामाच्या सुरक्षेबाबतची नवी संहिता नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झाली. तिच्यात तर स्पष्ट आहे की जिवाला तातडीचा धोका आहे असं वाजवीपणे वाटलं, तर कामगार मालकाला आणि त्याच वेळी निरीक्षकालाही कळवू शकतो. हे कलम मला मनापासून आवडतं. 'वाटलं तर' असं त्यात आहे, 'सिद्ध झालं तर' असं नाही. पण थांबलेल्या तासाचे पैसे कुणाच्या खिशातून जातील याबद्दल त्या कलमात एक शब्द नाही.

शिवाय कामगार ज्याच्याविरुद्ध बोलणार त्याच्याच हातात त्याचं काय काय असतं ते बघा. उचल मुकादमाची. हजेरीचं पुस्तक मुकादमाकडे. कल्याणकारी मंडळात नोंद करायची, मुलांची शिष्यवृत्ती मिळवायची, तर वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि साईटवर तो दाखला देणारा ठेकेदारच. त्या मंडळासाठी बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर गोळा होतो, तो या माणसांच्या नावाने. अशा माणसाला 'निर्भयपणे बोला' म्हणून सांगणं फार सोपं आहे.

आमच्या अधिकाऱ्यांसाठी 'मानसिक सुरक्षितता' या विषयावर एका हॉटेलात शिबिर झालं होतं. विषय खरा आहे, मी त्याची टिंगल करणार नाही. एमी एडमंडसन या हार्वर्डच्या प्राध्यापिका. त्यांनी 1999 मध्ये कामाच्या गटांवर निबंध लिहिला, तिथून हा शब्द पसरला. त्याआधी त्यांनी रुग्णालयांत औषधांच्या चुकांचा अभ्यास केला होता. चांगल्या गटांत चुका कमी सापडतील अशी त्यांची अपेक्षा होती, सापडल्या जास्त; कारण चांगल्या गटातली माणसं चुका लपवत नव्हती. मला हे ऐकून फार बरं वाटलं होतं. पण त्या हॉलमध्ये एकही मुकादम नव्हता, एकही पेटी कॉन्ट्रॅक्टर नव्हता, आणि बिलिंग इंजिनिअरला तर कुणी बोलावलंच नव्हतं. माझं म्हणणं आहे, त्यालाच आधी बोलवा. बाकीचे नाही आले तरी चालतील.

त्या डेबिटनंतर साईटवर काय झालं? वरवर काहीच नाही. नियर मिसची, म्हणजे थोडक्यात टळलेल्या अपघातांची, कार्डं येतच राहिली, कारण दर गँगला महिन्याला पाच कार्डांचं टार्गेट होतं. सेंट्रिंगच्या गँगची पाचही कार्डं एकाच अक्षरात असायची. हजेरी क्लार्क भरायचा. 'हेल्मेट घातले नव्हते, समज दिली.' पाचही वेळा तेच. आणि चार्टवर ती गँग हिरव्या रंगात.

मग एका दुपारी सहाव्या मजल्यावरून प्लायची अख्खी शीट खाली आली. जेवणाची सुट्टी होती, खाली कुणी नव्हतं. ती बांधलेला क्लॅम्प ढिला आहे हे वरच्या प्रत्येकाला आदल्या दिवसापासून माहीत होतं. मी एकेकाला विचारलं. सगळे खाली बघत राहिले. शेवटी एक वयस्क बाई, गँगमध्ये प्लाय वाहायचं काम करायच्या, शांतपणे म्हणाल्या, "बोललं की पैसे कटतेत, मॅडम. पडलं तर नशीब."

फेब्रुवारी 2022 मध्ये येरवड्यात सळ्यांची जाळी कोसळून 5 मजूर गेले. ऑगस्ट 2023 मध्ये शहापूरजवळ समृद्धी महामार्गाच्या कामावर गर्डर लाँचर कोसळून 20 जण गेले. त्या कामांवर आत काय चाललं होतं ते मला ठाऊक नाही आणि त्याबद्दल मी काही सुचवतही नाही. पण अशी बातमी आली की मला एकच प्रश्न छळतो. पडायच्या आधी कुणाला आवाज आला असेल का? आला असेल तर त्याने मनात काय हिशेब केला असेल?

पुढे मी दुसऱ्या कंपनीत गेले. मुलाखतीतच मी सांगितलं की सुरक्षेसाठी काम थांबलं तर त्याचा खर्च प्रकल्पाच्या खात्यात पडला पाहिजे, खाली डेबिट जाता कामा नये, आणि तेवढ्या वेळाची गँगला रोजंदारी मिळाली पाहिजे. ही अट कामाच्या ऑर्डरमध्ये छापून हवी. तिथल्या प्रकल्पप्रमुखांनी ती मान्य केली. मला आश्चर्यच वाटलं. ते स्वतः तरुणपणी एका कामावर चरात गाडले जाता जाता वाचले होते, हे नंतर कळलं.

पहिला महिना कुणी विश्वासच ठेवला नाही. मग एका फिटरने टॉवर क्रेनखाली काम थांबवलं, पट्टा फाटलेला दिसला म्हणून. पट्टा खरंच फाटलेला होता. त्याने काही सिद्ध झालं नाही, लोक बघत राहिले. नंतर एका बिगाऱ्याने खोदाई थांबवली, चराच्या काठाला भेग आहे म्हणून. ती जुनी भेग निघाली, वरवरची. पगाराच्या दिवशी सगळ्या कॅम्पचं लक्ष त्या गँगच्या पाकिटांवर होतं. पैसे पूर्ण मिळाले, थांबलेल्या तासांसकट. त्यानंतर माणसं बोलायला लागली. कार्डांवर वेगवेगळी अक्षरं दिसायला लागली, वाकडीतिकडी, काही हिंदीत, काही बंगालीत. ती वाचून घ्यायला मी मालद्याच्या एका फोरमनला रोज चहाच्या वेळी बसवायचे.

आता जे लिहिते ते वर लिहिलेल्याशी जुळत नाही, पण लिहायला हवं. थांबे वाढले तसा मला त्रास व्हायला लागला. एकदा एका गँगने सकाळी काम थांबवलं, कारण सांगितलं की मचाण हलतंय. मचाण हलत नव्हतं. त्यांच्याकडे विटा संपल्या होत्या आणि ठरल्या भावाच्या कामात बसून राहिले तर पैसे नाहीत, म्हणून त्यांनी सुरक्षेचा थांबा लावून रोजंदारी घेतली. मी संतापले. इतकी संतापले की पुढच्या थांब्याला माझ्या तोंडून निघून गेलं, "आधी नीट बघितलंस का?" समोरच्या पोराचा चेहरा लगेच बंद झाला. हेच वाक्य दुसऱ्या कुणी उच्चारलं असतं तर मी त्याच्याशी भांडले असते. तरीही, खोटा थांबा लावणाऱ्या त्या गँगचा राग मी अजून सोडलेला नाही, आणि सोडावा असं मला वाटतही नाही. खऱ्या भीतीसाठी ठेवलेली जागा त्यांनी वापरली. पण मग विटा वेळेवर न पुरवणाऱ्या स्टोअरचं काय? त्यांना रिकाम्या तासाचे पैसे सरळ मागायची सोय असती तर ते खोटं बोलले असते का? इथे माझं मत दर आठवड्याला बदलतं.

आता तो प्रकल्प संपत आलाय. पुढच्या कामाच्या ऑर्डरी निघतायत आणि खरेदी विभागाने माझ्या अटीवर लाल रेघ मारून पाठवलीय. प्रकल्पप्रमुख बदललेत. नव्या साहेबांनी शांतपणे विचारलं, "एकूण थांब्यांपैकी बरोबर किती निघाले, तेवढा आकडा द्या. मग बघू."

आकडा माझ्याकडे आहे, माझ्या वहीत प्रत्येक थांबा लिहिलेला आहे. बरोबर निघालेले निम्म्याहून बरेच कमी आहेत. तो दाखवला की अट जाणार हे मला दिसतंय. न दाखवणं माझ्याच्याने होणार नाही, कारण रोज सकाळी मी दोनशे माणसांना सांगते की जे आहे ते लपवू नका. सोमवारी बैठक आहे. मी वही घेऊन जाणार आहे, आणि ज्यांचे थांबे चुकीचे निघाले त्यातल्या दोघांना सोबत नेणार आहे, मुकादमाशिवाय. त्या दिवशीची त्यांची हजेरी कुणाच्या खात्यात पडेल, हे मी आधीच लेखी मागितलंय. उत्तर अजून आलेलं नाही.